बुडवलेल्या जहाजात शिरायचं का?

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, निवतीजवळ नौदलाचं जहाज बुडवून डायव्हिंगची जागा करतायत ना? दिवाळीत मालवणला गेलो तर आत शिरता येईल का गं?" पोरगी १९ वर्षांची. पोहते बरी, आणि तारकर्लीला एकदा इन्स्ट्रक्टरचा हात धरून पाण्याखाली जाऊन आली आहे. फोनवर तिला अर्धवटच सांगितलं गेलं, ते इथं नीट लिहिते. आमच्या जळगाव-धुळ्याकडून दर दिवाळीत आणि मे महिन्यात गाड्या भरून मालवणला जातात, त्यामुळे हा प्रश्न तिच्या एकटीचा राहणार नाही.

जहाजाचं नाव आयएनएस गुलदार. पोलंडमध्ये बांधलेलं, रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारं जहाज. १९८५ साली नौदलात आलं, जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालं. लांबी ८० मीटरच्या वर. सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्रतळाशी बसवून त्याचं पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ, म्हणजे पोवळी आणि मासे वस्तीला येतील अशी जागा, करायचं, म्हणून ते राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे दिलं गेलं. मला हा बेत मनापासून आवडला. पण भाचीला उत्तर देताना मी सरळ "नाही" म्हणाले. आत शिरायचं नाही, निदान तू नाही, आणि निदान पहिले काही हंगाम तरी नाही.

माझं पोहणं विहिरीतलं. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या मळ्यात आबांनी आम्हा बहिणींना पाठीला डबा बांधून शिकवलं. विहीर उन्हाळ्यात आटत यायची, तळाशी गाळ असायचा. आम्ही पाय झोडायला लागलो की आबा काठावरून ओरडायचे, "हयू पाय मार वं, पानी गढूय व्हस!" म्हणजे हळू पाय मार गं, पाणी गढूळ होतं. एकदा मी सूर मारून तळ गाठला आणि वर यायला तळावर पाय रेटले. पुढची काही क्षणं डोळे उघडे असून काळोख. वर कुठं, भिंत कुठं, काही कळेना. वर आकाश होतं म्हणून निभावलं. जहाजाच्या पोटात नेमकं हेच होतं, फक्त वर आकाश नसतं, लोखंडी छत असतं.

बुडालेल्या जहाजात प्रत्येक आडव्या जागेवर गाळाचा थर बसतो. फिनचा, म्हणजे पायात घालायच्या रबरी पंखाचा, एक आडदांड फटका बसला की तो उठतो आणि हातातला टॉर्चसुद्धा दिसेनासा होतो. त्यात आपण सोडलेले बुडबुडे छताला लागतात आणि गंजाचे पापुद्रे डोक्यावर पडतात, म्हणजे स्वस्थ राहिलं तरी दिसणं कमी होतच जातं. हवेचं गणितही लक्षात ठेवा. २० मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या तिप्पट असतो, म्हणून तीच टाकी तिप्पट वेगानं संपते. घाबरलेला माणूस आणखी भराभर श्वास घेतो. म्हणून बुडालेल्या जहाजात उतरायला शिकलेले रेक डायव्हर दाराशी दोरी बांधून ती सोडत आत जातात, आणि एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला, उरलेली अडीअडचणीला असा हिशेब ठेवतात. फ्लोरिडात की लार्गोजवळ २००२ साली स्पीगल ग्रोव्ह नावाचं नौदलाचं मोठं जहाज रीफसाठी बुडवलं. जगभरातून लोक तिथं जातात. मार्च २००७ मध्ये त्याच्या आत गेलेल्या तीन डायव्हरांचा जीव गेला. अननुभवी माणसं नव्हती ती.

आता दुसरी बाजू, आणि मला त्याबद्दल जास्त बोलायचं आहे.

चार वर्षांपूर्वी मी बालीला तुलाम्बेनमध्ये लिबर्टी या जहाजावर डाइव्ह केली. अमेरिकी सैन्याचं मालवाहू जहाज. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोनं जायबंदी झालं आणि किनाऱ्याला लावलं गेलं. १९६३ च्या अगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकानं ते पाण्यात ढकललं. किनारा काळ्या गोल धोंड्यांचा. गावातल्या बायका डोक्यावर टाक्या घेऊन त्या धोंड्यांवरून अनवाणी चालत होत्या. पाण्यात शिरून थोडं पोहलं की जहाज समोर, आणि त्यावर लोखंड शोधावं लागतं इतकी पोवळी, स्पंज, मासे.

मी कॅमेऱ्यात गुंतले होते. एका तोफेजवळ फोटो घेण्यासाठी शरीर उभं केलं, आणि उजव्या पायाला काहीतरी लवचिक, नंतर कडक लागलं. वळून पाहिलं तर पंख्यासारख्या पसरलेल्या पोवळ्याची वीतभर फांदी खाली तरंगत चालली होती. किती वर्षांची होती कोण जाणे. आमच्या गाइडनं काही खुणा केल्या नाहीत, रागावला नाही. जवळ आला, माझ्या मनगटातला कॅमेऱ्याचा पट्टा सोडवला आणि स्वतःच्या जॅकेटला अडकवला. उरलेली डाइव्ह मी हात छातीशी बांधून केली. खरं सांगते, त्या वीस मिनिटांत मी जितकं पाहिलं तितकं आधीच्या सगळ्या डाइव्हमध्ये मिळून पाहिलं नव्हतं. एक कोळंबी माशाचे दात साफ करत होती. मी तिच्यासमोर हातभर अंतरावर स्थिर राहिले, तर तिला माझी फिकीर नव्हती.

लिबर्टीवर साठेक वर्षांची वाढ आहे. नव्या जहाजावर आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर, मग शेवाळ, मग खडकाला चिकटणारे बार्नकल आणि कालवं, आणि त्यानंतर हळूहळू पोवळी. घुमटासारखी वाढणारी पोवळी वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. पहिल्या काही वर्षांत ती नखाएवढी असतात. डायव्हरला ती दिसतसुद्धा नाहीत, आणि तो त्याच कठड्याला धरून सेल्फीसाठी थांबतो. कठडा, शिडी, तोफ, म्हणजे धरायला सोयीच्या जागा. नेमक्या तिथंच कोवळी वाढ खरवडली जाते. म्हणून हातमोजे घालून पाठवू नये असं माझं मत आहे. हात उघडा असला की माणूस आपोआप जपून राहतो.

आणि हे लक्षात आलं तेव्हा मला बरं वाटलं: ज्या कौशल्यानं पोवळं वाचतं, त्याच कौशल्यानं डायव्हरही वाचतो आणि त्याच कौशल्यानं मजाही येते. पाण्यात न बुडता, न वर जाता, आडवं स्थिर राहणं. ज्याला हे जमतं तो गाळ उठवत नाही, हवा कमी खातो, काही धरत नाही आणि त्याच्याजवळ मासे येतात. त्यामुळे "नियम आणले तर पर्यटक कंटाळतील" हे मला पटत नाही.

आपण खानदेशी लोकांनी हे अजिंठ्याला पाहिलं आहे. गाड्या खाली फर्दापूर फाट्याशी उभ्या करायच्या, बसनं वर जायचं. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं, फ्लॅश बंद, चपला बाहेर. आमच्या घरी कुणी पाहुणा आला की अजिंठा ठरलेला, आणि आजवर एकाही पाहुण्यानं "फ्लॅश मारू दिला नाही, मजा गेली" असं सांगितलेलं नाही. उलट अंधारात डोळे सरावल्यावर पद्मपाणी हळूहळू दिसायला लागतो, तेच घरी जाऊन सांगतात. जहाजालाही अशीच रांग हवी. एका वेळी ठरावीक डायव्हर, चारामागे एक गाइड, आणि बोटीनं नांगर टाकायचाच नाही. बोट बांधायला कायमचा बोया, म्हणजे तळाशी जखडलेला तरंगता पिंप, हवा. लाल समुद्रातल्या थिसलगॉर्म या जहाजाला बोटी वर्षानुवर्षं थेट दोर बांधत आल्या, आणि त्या ओढीनं जहाजाचेच भाग उखडले.

माशांना पाव-बिस्किटं टाकणं तर थांबलंच पाहिजे. मालवणला मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. पावाभोवती एकाच जातीच्या माशांची झुंबड, आणि सगळे खूश. शेवाळ खाऊन पोवळ्याला जागा करून देणारा मासा पावावर पोट भरू लागला तर त्याचं मूळ काम कोण करणार?

दोन गोष्टींवर मला वाद घालायचा आहे. पहिली म्हणजे "जहाज बुडवलं की नैसर्गिक रीफवरचा ताण कमी होईल" हे वाक्य. ताण आपोआप कमी होत नाही. मालवणच्या किल्ल्याजवळची पोवळी आजही रोज पायाखाली येतात, खरं तर ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीनं. जहाजावर गर्दी वळवली आणि किल्ल्याजवळ ठरावीक जागा विश्रांतीला सोडल्या, तरच तो फायदा. नाहीतर दोन्हीकडे गर्दी. दुसरी म्हणजे काहीही बुडवलं की रीफ होतं हा समज. फ्लोरिडात १९७० च्या दशकात सुमारे वीस लाख जुने टायर मासे येतील म्हणून समुद्रात टाकले. बांधणी तुटली, टायर वादळात हलत शेजारच्या खऱ्या पोवळ्यांवर आदळले, आणि ते काढण्याचं काम अनेक वर्षं चाललं. म्हणून जहाजातलं तेल, वायरी, ॲस्बेस्टॉस, विषारी रंग आधी निघाला पाहिजे, लटकती दारं काढली पाहिजेत, आणि भिंतींना एवढी मोठी भगदाडं पाडली पाहिजेत की आत कुठूनही बाहेरचा उजेड दिसेल. हे काम दिसत नाही, फोटोत येत नाही, पण सगळं त्यावरच उभं आहे.

बोटवाल्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. माणसं मोजून सोडली तर फेऱ्या कमी होणार. मग जहाजाच्या डाइव्हचा दर जास्त ठेवा आणि तो पैसा तिथल्याच पोरांना मिळू द्या, गाइड म्हणून त्यांनाच शिकवा. आम्ही जळगावहून अख्खी रात्र प्रवास करून येतो, हजार रुपये जास्त द्यायला मागंपुढं पाहणार नाही. पहिल्यांदाच टाकी लावणाऱ्यांसाठी उथळ जागा वेगळी असू द्या. हात धरून खाली नेलेल्या माणसाला जहाजावर नेणं त्याच्यावरही अन्याय आहे.

भाचीला मी शेवटी एवढंच सांगितलं, आधी ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स कर. त्याला २०० मीटर पोहणं लागतं आणि कशालाही न धरता १० मिनिटं तरंगणं. ती म्हणाली, एवढंच ना. आता दर रविवारी मळ्यातल्या विहिरीवर येते. मी काठावर घड्याळ घेऊन बसते. पहिल्या रविवारी चौथ्या मिनिटाला पाय झोडायला लागली आणि पाणी गढूळ झालं. काल साडेसात मिनिटं झाली, तळ दिसत होता.