‘घाबरट मुलीला समुपदेशकाकडे नेऊ नका’ म्हणणाऱ्यांना

वयात आलेल्या मुलींच्या घबराटीवर घरगुती सल्ले देणारा एक मेसेज सध्या आमच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. तो वाचून माझ्या धाकट्या बहिणीनं दहावीतल्या लेकीची समुपदेशकाकडची ठरलेली वेळ रद्द केली. आता गप्प बसवत नाही.

मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ ही: ‘मुलगी ज्याला घाबरते त्यापासून तिला लांब ठेवा, भीती आपोआप जाते.’ साफ चूक. तोंडी परीक्षेच्या दिवशी माझी भाची पोट धरून बसते. म्हणते, “मावशी, फळ्यापुढं उभारलो की तोंडातनं शब्दच फुटत न्हाई.” घरी ठेवलं की तासाभरात पोट थांबतं आणि आईला वाटतं, उपाय लागू पडला. पण पोरीच्या मनात एवढंच पक्कं होतं, की गेले नाही म्हणून वाचले. आज तोंडी परीक्षा बुडते, उद्या क्लास, मग शाळाच.

समुपदेशनात नेमकं उलटं करतात. मुलीला सोबत घेऊन भीतीच्या पायऱ्या लिहून काढतात. आधी आईसमोर मोठ्यानं वाचायचं, मग दोन मैत्रिणींसमोर, मग बाकावरूनच बाईंना एक प्रश्न, फळा सगळ्यात शेवटी. छातीत धडधडलं तरी पळायचं नाही. ‘सगळे हसतील’ असं वाटलं तर ते आधी वहीत लिहायचं आणि नंतर खरंच किती जण हसले ते तिथंच नोंदवायचं. याला कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणतात.

मेसेजमधली पुढची ओळ: ‘नुसत्या गप्पांनी काय होतं? शेवटी जन्मभर गोळ्याच.’ २००८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला. ७ ते १७ वयाची, चिंताविकार असलेली ४८८ मुलं-मुली, १२ आठवडे उपचार. नुसत्या थेरपीनं सुमारे ६० टक्के मुलं बरीच सुधारली, नुसत्या सर्ट्रालिन गोळीनं ५५, दोन्ही मिळून ८१, आणि औषध नसलेल्या गोळीनं २४. म्हणजे या ‘गप्पा’ औषधाच्या तोडीस तोड ठरल्या. गोळी लागलीच तर मनोविकारतज्ज्ञ देतात आणि बरं वाटू लागल्यावर त्यांच्याच सल्ल्यानं ती हळूहळू थांबवताही येते.

आणखी एक ओळ: ‘समुपदेशक पोरींना आईबापाविरुद्ध भडकवतात.’ अहो, पायऱ्या चढताना घरी साथ कोण देणार? आईबापच. म्हणून त्यांनाही बोलावून शिकवतात. ‘लग्नात अडचण येईल’ यावर एवढंच, की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचाराची माहिती गोपनीय ठेवावी लागते.

‘सगळं मोबाइलमुळं होतं, तो काढून घ्या’ असंही मेसेजमध्ये आहे, ते मात्र थोडं खरं आहे. रात्री एकपर्यंत रील्स बघून झोप मोडली की घबराट वाढते. पण फोन काढून घेतला म्हणून फळ्यापुढं शब्द फुटत नाहीत.

पैशांची अडचण असेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. ज्यांनी तो मेसेज पुढं ढकलला, त्यांनी त्याच ग्रुपवर हा नंबर टाकावा.