वगनाट्यांच्या व्हिडिओ संचाला एक स्टार : आमचं उत्तर

नमस्कार सर,

परवा रात्री दुकान बंद करताना तुमचा अभिप्राय वाचला. स्टार एकच दिलात, पण खाली सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. आमच्या भागातल्या एका विनोदी वगमंडळाच्या ९ प्रयोगांचा पेन ड्राइव्ह तुम्ही वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी ९०० रुपयांना मागवला. तुमच्या तक्रारी अशा : चित्र धुरकट आहे, माणसं जाड नि बुटकी दिसतात, हसण्याच्या गोंगाटात संवाद बुडतात, प्रयोग मध्येच तुटतो, उगाच लांब थांबे आहेत, चौथ्या भागात चार मिनिटं पडदा काळाच राहतो, एकच वग दोनदा घालून भाग वाढवलेत, यादी चुकीची आहे आणि फोन केला तर नीट बोललं नाही कुणी. शेवटी लिहिलंय, 'वडिलांना कमी ऐकू येतं, त्यांनी अर्ध्यातूनच बंद केलं.' हे शेवटचं वाक्य वाचून जीव खाली-वर झाला.

आधी आमच्या चुका. छापील यादीत भाग ५ आणि ६ यांची अदलाबदल झाली आहे, ती माझ्याच हातून. फोन माझ्या पुतण्याने घेतला होता. लगनसराईची घाई असली तरी गिऱ्हाइकाशी तसं बोलायचं नसतं. त्याच्याही वतीने मी माफी मागतो. तिसरी चूक तुम्ही लिहिलेली नाही, पण आहे : जाहिरातीत आम्ही 'जुन्या कॅसेटवरून' एवढंच म्हटलं होतं. चित्र कसं दिसेल त्याचा एक मिनिटाचा नमुना दाखवायला हवा होता. तो आता टाकला आहे.

माणसं जाड दिसतात त्यावर लगेच उपाय आहे. हे चित्रण जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाचं, म्हणजे ४:३ आहे, आणि आजचा रुंद टीव्ही ते आडवं ताणतो. रिमोटवर पिक्चर साइझमध्ये जाऊन ४:३ निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील आणि माणसं माणसांसारखी दिसतील. प्रयोग मध्येच तुटतो म्हणालात, तेही तसंच. जुन्या टीव्हींनाही चालावा म्हणून पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने तयार केलाय आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. म्हणून प्रत्येक प्रयोगाच्या दोन फाइली आहेत, 'अ' संपली की 'ब' लावायची. हे डबीवर छापायला हवं होतं.

धुरकटपणा मात्र माझ्या हातात नाही. १९९१ ते १९९९ या काळात हे सगळं मी स्वतः खांद्यावरच्या व्हीएचएस कॅमेऱ्याने टिपलं. परभणीत माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं, आजही आहे, आणि तोच कॅमेरा सवड मिळाली की मंडळाबरोबर जायचा. आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत पडद्यावर ५७६ ओळी दिसतात, पण व्हीएचएसवर आडव्या दिशेचा तपशील जेमतेम २४० ओळींइतका उतरतो. त्यात २३ कॅसेटी पत्र्याच्या पेटीत, पावसाळ्यांची ओल खात पडलेल्या. अर्ध्याहून जास्त कॅसेटींवर पांढरी बुरशी होती. टेप हाताने पुसत, एक-एक मशीनवर चढवत, वाचले ते हे ९ प्रयोग. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनीसुद्धा २०१६ साली थांबली, तेव्हा जुन्या दोन मशीनचे भाग एकमेकांना लावून काम केलं. चित्र आपोआप चकचकीत करणारं सॉफ्टवेअरही वापरून पाहिलं. त्याने सोंगाड्याच्या, म्हणजे वगातल्या विनोदी नटाच्या, कपाळावरच्या आठ्याच पुसल्या, चेहरा मेणाचा झाला. तो माणूस मी ओळखत होतो, त्याचा चेहरा असा नव्हता. म्हणून तो प्रयत्न सोडला.

आता संवाद बुडण्याबद्दल. त्या कॅमेऱ्याचा माइक आवाजाची पातळी स्वतःच कमी-जास्त करायचा. दोन हजार माणसं एकदम हसली की तो घाबरल्यासारखा सगळंच दाबून टाकायचा, आणि हसू ओसरल्यावर त्याला पुन्हा वर यायला दोन-तीन सेकंद लागायचे. तेवढ्यात पुढच्या वाक्याचे पहिले शब्द गेले. टेपवर जे बारीक का होईना उमटलंय, ते मी वाक्यागणिक हाताने वर उचललंय. नऊ प्रयोगांचं हे काम दोन उन्हाळे चाललं. जे उमटलंच नाही ते आणू शकत नाही. पण हसणं कमी करा म्हणाल तर ते मी करणार नाही. लोकांच्या हसण्यावरच वग चालतो. ज्यांना तुम्ही 'उगाच थांबे' म्हणता, तिथे सोंगाडे काय करतात ते एकदा बघा. फेटा सोडतात आणि पुन्हा बांधतात, नाहीतर काठीचं टोक निरखत उभे राहतात. त्यांच्या डोक्यात पुढचं वाक्य तयार असतं, ते समोरचा आवाज कितपत खाली आलाय ते ऐकत असतात. बरोब्बर वेळ आली की बोलतात. दर वेळचे ते सात-आठ सेकंद कापले असते तर प्रयोग अर्धा तास आटोपशीर झाला असता आणि त्यांची सगळी कमाई फेकून दिली असती.

चौथ्या भागातला काळा पडदा हा बिघाड नाही. १९९६ चा गणेशोत्सव, पूर्णेच्या काठचं गाव, ऐन दरबाराच्या प्रवेशात लाईट गेली. माझा कॅमेरा बॅटरीवर, म्हणून टेप चालूच राहिली. चित्र गेलंय, आवाज आहे. तो कृपा करून मोठा करून ऐका. आधी गलका होतो, लेकरं ओरडतात. मग सोंगाड्याचा आवाज येतो : "मंडळी, कुणी उठू नका. राज्य गेलं नाही, लाईट गेलीय." आणि लगेच, "परधानजी, आता तरी खरं सांगा. अंधार हाय, तोंड दिसत नाही तुमचं." पुढची चार मिनिटं राजा, परधान आणि सोंगाड्या मनाने बोलत राहतात, यातला एक शब्दही आधी ठरलेला नव्हता. बाईमाणसांच्या बाजूने हसण्याचा लोट येतो तो आजही अंगावर काटा आणतो. मग कुणीतरी ट्रॅक्टर आणून त्याचे दिवे मंचाकडे वळवले. एका बाजूने पिवळा उजेड पडलेला दिसतो ना, तो तिथून. अख्ख्या संचात मला सर्वांत प्रिय काही असेल तर ही चार मिनिटं.

वग दोनदा घातला, ही तक्रार जरा सविस्तर घ्यावी लागेल, कारण संख्या वाढवण्यासाठी मी तसं केलं असा त्यात आरोप आहे. आधी गण म्हणजे गणपतीचं स्तवन, मग कृष्ण-गवळणींच्या थट्टेची गवळण, मग विनोदी संवादांची बतावणी आणि शेवटी मुख्य कथेचा वग, हा साचा तोच असतो. कथाही तीच. पण वगाचे संवाद कागदावर नसतात. कोणत्या प्रवेशात काय घडायचं एवढंच ठरलेलं, बोलायचं ते उभ्या जागी सुचेल तसं. दादा कोंडके यांना बघायला लोक पुन्हा पुन्हा का जायचे? आज ते काय नवीन बोलतील ते ऐकायला. भाग ३ हा १९९४ च्या नवरात्रातला आहे. त्या वर्षी आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सुरतेत प्लेगची बातमी आली होती. कॅमेरा मागे फिरतो तेव्हा दिसेल, पुढच्या रांगांतली माणसं तोंडाला रुमाल बांधून बसलीत. राजा विचारतो, राज्याची काय हालहवाल? सोंगाड्या म्हणतो, "महाराज, उंदरं बी तोंडाला रुमाल बांधून फिरायलेत. म्हणतात, माणसापासून रोग लागंल." रुमालांच्या आतून हसतात लोक. भीती होती तेव्हा, गावोगाव होती, आणि त्या रात्री ती थोडा वेळ खाली ठेवता आली.

भाग ८ मध्ये तोच वग, त्यातला तोच प्रवेश, गाव मात्र वेगळं. माळेगावच्या खंडोबाची यात्रा, १९९८ चा डिसेंबर. कांद्याच्या भावाने सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं. राजा तोच प्रश्न विचारतो आणि सोंगाड्या म्हणतो, "खजिन्यात दोन कांदे उरलेत महाराज. एक राणीसाहेबांनी गळ्यात घातलाय." दोन्ही प्रवेश पाठोपाठ लावून बघा. चार वर्षांत गवळणीतल्या मावशीचं काम करणारे आमचे शिंपीकाका किती मोकळे झालेत, तेही दिसेल. तुम्हाला मात्र हे आधी कळायला हवं होतं, म्हणून आता यादीत दोन्ही भागांसमोर साल आणि ठिकाण लिहितो आहे.

'असलं यूट्यूबवर फुकट मिळतं' असंही म्हणालात. हे मिळणार नाही, कारण मी टाकलेलं नाही. मंडळातल्या सातांपैकी तिघे आज नाहीत. सातही घरांत जाऊन परवानगी घेतली आणि विक्रीतला वाटा त्यांना पोचवतो. कायद्यानेही कलाकाराचा आपल्या प्रयोगावर ५० वर्षं हक्क असतो. कायदा नसता तरी मी हेच केलं असतं.

पैसे परत हवे असतील तर सांगा, त्याच दिवशी पाठवतो. पेन ड्राइव्ह परत धाडायची गरज नाही.

पण वडिलांच्या ऐकण्याचं काय, हा विचार परवापासून डोक्यात आहे. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी, पडद्याखाली मराठीत संवाद उमटतील अशी सोय करतो आहे. संवाद ऐकून ऐकून लिहायचे म्हणजे वेळ लागणार. भाग ३ आधी हाती घेतला, कारण तुमचे वडील जिंतूरकडचे असं तुम्ही लिहिलंय आणि तो प्रयोग जिंतूर तालुक्यातलाच आहे. तो भाग नव्या पेन ड्राइव्हवर सोमवारी टपालात टाकतो, बाकीचे होतील तसे विनामूल्य पाठवीन.

त्यात ५२व्या मिनिटाला मावशी गवळणींना काहीतरी म्हणते आणि सगळा मांडव उसळतो. ती ओळ नेमकी माइकने गिळली आहे. शिंपीकाका आता नाहीत, मंडळातल्या कुणालाही ती आठवत नाही, तिथे पट्टी कोरी ठेवली आहे. वडील त्या नवरात्रात गावात असतील, त्यांना ती ओळ आठवत असेल, तर त्यांना विचारून मला कळवाल का?