अपलोड किती, ते सांगा ना राव!
नाशिकच्या इंदिरानगरात घर बदललं आणि पुन्हा तोच छळ: फायबर इंटरनेट कुणाचं घ्यायचं? कंपनीला फोन लावला की पढवलेला पोपट सुरू. "सर, ३०० एमबीपीएस, ओटीटी फुकट!" अरे बाबा, ओटीटी नको मला. अपलोड, म्हणजे घरून बाहेर पाठवायचा स्पीड, किती? "स्पीड एकदम मस्त आहे सर." पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा माझा इंटरनेट पत्ता) देता की सीजीनॅट (एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला)? "वायफाय आहे ना सर, ड्युअल बँड." घ्या!

मागच्या घरी राउटरवर वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) १००.७२ ने सुरू होणारा दिसला, तेव्हाच पोटात गोळा आला. १००.६४ ते १००.१२७ म्हणजे सीजीनॅट. रात्रभर पोर्ट फॉरवर्ड करत (राउटरमधून आतल्या सर्व्हरकडे वाट काढून देत) बसलो तरी बाहेरून घरचा सर्व्हर उघडणार नाही. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते, प्रत्येक उपकरणाला वेगळा पुरतील एवढे) असतं तर निभावलं असतं. विचारलं, तर म्हणे, "६ महिन्यांचा प्लॅन घेतला की मिळेल." (सहा आकडा तेवढा ऐकला बिचाऱ्याने.)

काल एकजण आला जोडणीची पाहणी करायला. म्हटलं, ओएनटी (फायबर जोडायचा तुमचा डबा) ब्रिजवर टाकून द्याल ना, म्हणजे राउटरचं काम माझाच राउटर करेल? तर गडी विचारतो, "कुठल्या ब्रिजवर? द्वारकेच्या?"

आणि शेजारचे काका गॅलरीतून: "आमचं घे रे, नातवाचं यूट्यूब कध्धी अडकत नाही."