सीआरपी वाढला म्हणजे टाका फुटला, हा मेसेज चुकीचा आहे

मंडळी, डिचोली-साखळीच्या ग्रुपांवर परवापासून एक मेसेज फिरतोय. वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर रक्तातला सीआरपी (सूज दाखवणारं एक प्रोटीन) वाढला की पोटात टाका फुटलाय समजा, आणि कमी आला तर बिनधास्त राहा. दोन्ही अर्धवट आहे. मी फोंड्याला लॅबमध्ये ही टेस्ट रोज लावते म्हणून लिहितेय.

सीआरपी लिव्हरमध्ये तयार होतो, शरीरात कुठेही सूज किंवा इन्फेक्शन असलं की वाढतो, आणि ऑपरेशन ही पण जखमच ना, त्यामुळे सगळं व्यवस्थित असलेल्या पेशंटचा पण दोन-तीन दिवस वाढलेलाच दिसतो, त्यात जाडेपणामुळे बऱ्याच जणांचा आधीपासूनच थोडा जास्त असतो. म्हणून डॉक्टर नुसता आकडा धरून बसत नाहीत, तो चढतोय की उतरतोय ते बघतात, सोबत नाडी, ताप, पोटदुखी, आणि शंका आली तर सीटी स्कॅन. कालच एक काकी मुलाचा रिपोर्ट घेऊन रडत आली, तो पोरगा ठीक होता हो.

मेसेजच्या दुसऱ्या भागाची, कमी आला तर बिनधास्त राहा याची, मला जास्त भीती वाटते. स्लीव्हच्या ऑपरेशनमध्ये (वजन कमी करायला जठराचा मोठा भाग कापून काढतात ते) उरलेल्या जठराच्या कडेला स्टेपल मारतात, तिथून गळती कधी कधी घरी गेल्यावर, आठवड्या-दहा दिवसांनी पण होते. धडधड थांबत नसेल, ताप, दम, डाव्या खांद्यात दुखत असेल तर जुना चांगला रिपोर्ट बघत बसू नका, लगेच सर्जनला फोन करा, नाही लागला तर १०८.

तो मेसेज पुढे पाठवू नका प्लीज, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.