खुलासा: २५२० ही ‘एकमेव’ संख्या नाही

‘१ ते १० या सर्वांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही एकमेव संख्या, शोध रामानुजन यांचा’ असा संदेश फिरतोय. भाग जातो हे खरं, ‘एकमेव’ मात्र चूक. ५०४०, ७५६०, अशी २५२० ची कोणतीही पट घ्या, भाग जातोच. २५२० हा लसावि, म्हणजे त्यांतली सर्वांत लहान. प्रत्येक मूळ संख्येचा दहाच्या आत बसणारा सर्वांत मोठा घात घ्यायचा: ८ × ९ × ५ × ७. याच रीतीने १ ते २० साठी २३,२७,९२,५६० येते. लसावि प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडलाही माहीत होता. रामानुजन यांचा १९१५ चा निबंध भरपूर विभाजक असणाऱ्या संख्यांवर आहे, आणि तो या संदेशाहून कितीतरी खोल आहे. २५२० चे विभाजक ४८. तिच्याहून लहान कोणत्याही संख्येला इतके नाहीत. कृपया चुकीचा संदेश पुढे पाठवू नका.