काळ्या टाकीचं सोवळं-ओवळं

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे स्वयंपाकघर-संडासासकटचं चाकांवरचं घर, भाड्याने घेऊन यलोस्टोनला निघालेल्या मराठी कुटुंबाची यादी बघण्यासारखी असते. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कुकर, कुकरची जादा शिट्टी. गाडीच्या पोटात एक काळी टाकी असते आणि ती आपल्यालाच रिकामी करायची असते, एवढंच त्या यादीत नसतं.

टाक्या तीन. एक चांगल्या पाण्याची, दुसरी बेसिन-शॉवरच्या सांडपाण्याची म्हणजे करडी, आणि तिसरी संडासाची, काळी. काळी ४० गॅलनची धरली तर भरल्यावर दीडशे लिटर ऐवज आपल्या पायाखाली डुचमळत असतो.

या टाकीशी आपलं पहिलं भांडण संस्कारांचं. दिवसाआड नळाला पाणी येणाऱ्या गावातला माणूस पाणी जपूनच वापरणार. करड्या टाकीपुरतं ते शहाणपण चालतं. काळीत मात्र पाणी कमी पडलं की ऐवज पसरत नाही. थेट भोकाखाली साचतो, त्यावर कागद बसतो, मग पुन्हा ऐवज. अमेरिकन त्याला पिरॅमिड म्हणतात. माझ्या मते वारूळ हा शब्द जास्त बरोबर, कारण ते आपल्या नकळत वाढतं. म्हणून रिकाम्या टाकीत आधी दोन-तीन गॅलन पाणी आणि टाकीचं औषध घालायचं, मगच उद्घाटन. आणि दर वेळी फ्लशचं पेडल सढळ पायाने दाबायचं.

वारुळाचा दुसरा राजमार्ग म्हणजे फुल हुकअप, म्हणजे वीज, पाणी आणि गटार तिन्हींची जोडणी असलेली मुक्कामाची जागा. यलोस्टोनमध्ये ही चैन फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात मिळते. गटार दाराशीच आहे म्हटल्यावर काळीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवायचा मोह होतो. तसं केलं की पाणी निघून जातं आणि बाकीचं मुक्कामाला राहतं. व्हॉल्व्ह बंदच हवा. टाकी निदान दोन-तृतीयांश भरली की उघडायचा, म्हणजे पाण्याचा लोंढा सगळं ओढून नेतो.

कागद आरव्हीचाच घ्यावा. शंका असेल तर एक तुकडा बरणीभर पाण्यात टाकून हलवावा. लगेच विरघळला नाही तर तो टाकीतही विरघळायचा नाही. इथे मगवाल्या मंडळींची बाजू भक्कम आहे: कागद शून्य, पाणी भरपूर. टाकी लवकर भरते हे खरं, पण रिकामीही सुरेख होते.

आता रिकामी करण्याचं कर्मकांड. याला आजीच्या स्वयंपाकघराइतकं कडक सोवळं लागतं. पांढरा पाइप पिण्याच्या पाण्याचा, तो सोवळ्यातला. टाकी धुण्याचा पाइप वेगळा, वेगळ्या रंगाचा, आणि ठेवायचाही वेगळ्या कप्प्यात. दोघांची गाठ पडता कामा नये.

हातमोजे घालून, खाली बादली धरून मगच तोंडावरचं झाकण काढावं. ओघळ आला तर समजावं की व्हॉल्व्हच्या खाचेत कागद अडकलाय आणि पातं पूर्ण बसत नाहीये. व्हॉल्व्ह बदलावा लागलाच तर काम चार बोल्ट आणि दोन रबरी सीलचं आहे. टाकी आधी रिकामी करावी, हे सांगायला नकोच. मग सांडपाण्याचा तीन इंची पाइप टाकीच्या त्या तोंडावर फिरवून, खाचांत घट्ट बसलाय याची खात्री करून, दुसरं टोक गटाराच्या भोकात खोल घालून त्यावर वजन ठेवावं. पाइपला उतार हवा. पारदर्शक एल्बो, म्हणजे पाइपला जोडायचा कोपरा, जरूर लावावा. बघवत नाही, पण बघावं लागतं. आधी काळी, नंतर करडी, कारण साबणाच्या पाण्याने पाइप आयताच धुतला जातो. उलटा क्रम करणाऱ्याला पाइप झटकताना आपली चूक कळते.

टाकी आतून धुण्याची तोटी असेल तर ती सुरू करताना काळीचा व्हॉल्व्ह उघडा हवा. बंद राहिला तर टाकी भरते आणि वाट शोधत छतावरच्या व्हेंटमधून किंवा संडासातून वर येते. त्यानंतरचं वर्णन मेतकूट-भाताच्या आधी करू नये.

वास येत असेल तर टाकीला बोल लावण्याआधी संडासातल्या झडपेचं रबर बघावं. भांड्यात पाणी टिकत नसेल तर ते वाळलंय. पुसून सिलिकॉन ग्रीस लावावं. आणि छताचा पंखा चालू ठेवून फ्लश करू नये, पंखा टाकीतलीच हवा वर खेचतो.

राहता राहिले पॅनेलवरचे दिवे. टाकी लख्ख धुतली तरी दोन-तृतीयांश भरल्याचा दिवा लागलेलाच. टाकीच्या भिंतीतल्या सेन्सरला कागदाचा लगदा चिकटतो आणि तो इमानाने खोटं बोलत राहतो. टाकी पाण्याने भरून, औषध घालून रात्रभर मुरवली तर कधीकधी सुधारतो. नाहीतर पेडल दाबून झडप उघडावी आणि वरून टॉर्च मारून बघावं. वाकण्याआधी शर्टाच्या खिशातला मोबाइल तेवढा काढून ठेवावा.