तुमचा आक्षेप आणि आस्सेची खाण

‘लाख वर्षं न मरणारं विष पुढच्या पिढ्यांच्या माथी मारायचं आणि वर त्याला स्वच्छ वीज म्हणायचं?’ तुमचा हा सवाल मला लागला. अणुकचऱ्याचा प्रश्न ‘जवळपास सुटलाय’ असं मी अणुविजेवरच्या लेखात म्हटलं होतं. ते वाक्य मागे घेतो.

कारण जर्मनीतली आस्सेची खाण. मिठाच्या या जुन्या खाणीत १९६७ ते १९७८ दरम्यान कमी आणि मध्यम किरणोत्सारी कचऱ्याची सुमारे सव्वा लाख पिंपं ठेवली गेली. कागदावर ती ‘संशोधन खाण’ होती. पण मीठ उपसून उपसून पोखरलेला डोंगर तो! १९८८पासून आत पाणी झिरपतंय आणि आता तीच पिंपं वर काढायची वेळ आलीय. तुम्ही हे उदाहरण दिलं असतंत, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण ‘लाख वर्षं’ सगळ्या कचऱ्याला लागू नाही. सुरुवातीचा जहाल किरणोत्सार मुख्यतः सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचा. त्यांचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) तीसेक वर्षांचं, म्हणजे ३०० वर्षांत त्यांचा हजारावा हिस्सा उरतो. चिवट असतं ते प्लुटोनियम-२३९. त्याचं अर्धायुष्य सुमारे २४,००० वर्षं. मात्र ते पाण्यात सहजी विरघळत नाही. आफ्रिकेतल्या गॅबॉनमध्ये ओक्लो इथे जवळजवळ दोन अब्ज वर्षांपूर्वी युरेनियमच्या साठ्यात आपोआप विखंडन (अणुभट्टीत होतं तसं अणू फुटणं) सुरू झालं होतं. तिथे ना तांब्याचं वेष्टन होतं, ना काँक्रीट. तरी तयार झालेलं प्लुटोनियम जागेवरून फारसं हललं नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

फिनलंडमधल्या ओन्कालोत, म्हणजे अणुकचरा कायमचा पुरायच्या जागी, तांब्याची पिंपं, भोवती बेंटोनाइट ही पाण्याने फुगणारी माती आणि ४०० मीटरहून खोल कातळ अशी योजना आहे. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की तिथल्या नगरपालिकेला नकाराधिकार होता आणि तिने विचारपूर्वक होकार दिला.

अणुवीज महाग पडते, प्रकल्प वर्षानुवर्षं रखडतात, हे तुमचं म्हणणं मान्यच. तरी कचऱ्यापायी अणुभट्ट्या बंद करा, हे मला पटत नाही. उद्या सगळ्या बंद झाल्या तरी आजवरचं जळालेलं इंधन तलावांत आणि पिंपांत, जमिनीवरच पडून राहणार आहे. ते खोल कुठे पुरायचं आणि तिथल्या लोकांना आधी विचारायचं की नाही, यावर तुमचं मत मला हवंय.